वन्संची न धुपणारी भिंत

वन्सं आल्या की आमच्या घरातली पिठाची चाळणी नाहीशी होते. शोधावी लागत नाही. मागच्या दारी गेलं की ती मातीच्या ढिगावर पालथी पडलेली दिसते, आणि वन्सं उकिडव्या बसून बोटांत माती चुरून बघत असतात. सोनार सोनं तपासतो तसा चेहरा. मी नुसती उभी राहते. त्या मान वर न करता म्हणतात, धुऊन देते गं. देतातही धुऊन. पण पुढचा आठवडाभर आमच्या घासात कचकच लागते, आणि आमचे हे, बहिणीविरुद्ध अवाक्षर न काढता, मुकाट्याने गिळतात.

माझ्या या थोरल्या नणंदेबद्दल एकदा सलग लिहून काढावं असं फार दिवस मनात आहे. रोजच्या वहीत त्यांच्या नावाने इतकी कुरकुर साठली आहे की देवापुढे डोळे मिटले तरी चाळणीच दिसते. मी देवाकडे रोज संयम मागते. वन्संचा मुक्काम असला की दुप्पट मागते.

उंच, काटकुळ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि खिशात कायम मोजपट्टी. बोलता बोलता समोरच्या वस्तूचं माप घ्यायची सवय. माझं लग्न ठरलं तेव्हा पहिल्यांदा आमच्याकडे आल्या, तर चहा होईपर्यंत वन्संनी आमच्या दाराची चौकट मोजली आणि माझ्या वडिलांना सांगितलं की ती उजवीकडे झुकली आहे. वडिलांनी ती पुढे बदलून घेतली. माझ्याविषयी त्यांचं काय मत झालं ते मात्र मला आजतागायत कळलेलं नाही. मी वयाने लहान, तरी त्या मला वहिनीबाई म्हणतात. त्यातला आदर किती आणि चेष्टा किती हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका सरकारी कचेरीत त्यांची उभी हयात गेली. साहेबांनी ठरवलेल्या खोल्यांच्या रेषा ओढायच्या, सगळ्या खोल्या सारख्या, सगळ्या खिडक्या एका ओळीत. एके दिवशी पेन्सिल खाली ठेवली ती ठेवलीच. त्यानंतर डोंगरातल्या मूळच्या लोकांच्या वस्त्यांवर जायला लागल्या. त्यांची घरं कशी असतात, चूल कुठे असते, छपराला उतार किती, हे बघून तशीच पण जरा मजबूत घरं बांधून द्यायची, हा नवा ध्यास. तिकडे जवळच एक खोली भाड्याने घेतली. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे सासरचा प्रश्न नव्हता. माहेर मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवलं. आमचं घर त्यांच्या वडिलांचं. महिन्याकाठी एकदा तरी येतातच.

आणि कधीही सहज येत नाहीत. सहज आले, हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकलेले नाहीत. न्हाणीतला नळ गळतोय म्हणे, बघून जाते. मागच्या दाराची बिजागरी कुरकुरते, तेल घालते. स्वयंपाकघराच्या खिडकीवर एक तिरकी भेग आहे. ती भेग वन्सं कित्येक वर्षं बुजवताहेत. दर खेपेला बोटभर भरतात, हात झटकतात आणि म्हणतात, आता हिला सुकू दे, घाई केली की पुन्हा उघडते. एखाद्या गवंड्याने ती एका दुपारी बुजवली असती. तसं मी यांना कितीदा म्हटलं. हे म्हणतात, ताईचं काम आहे ते, तू त्यात पडू नकोस.

तर त्या न धुपणाऱ्या भिंतीचं प्रकरण आमच्याच परसात सुरू झालं.

डोंगराचा एक कडा खचत चालला होता आणि त्याखालची वस्ती हलवायची असं सरकारने ठरवलं. लोकांना तात्पुरतं ताडपत्रीखाली ठेवलं होतं. खालच्या सपाटीवर सिमेंटच्या खोल्यांची रांग बांधायची, वर पत्रे टाकायचे, असा बेत. वन्संनी कचेरीत खेटे घालून घालून साहेबांचं डोकं उठवलं. या लोकांना पत्र्याखाली उकडून काढू नका, त्यांच्या पद्धतीची मातीची घरं मी बांधून दाखवते. साहेब म्हणाले, मातीची भिंत दर पावसात धुपते, दर वर्षी डागडुजी कोण करणार? शेवटी ठरलं ते असं: वन्संनी नमुन्याचं एक घर बांधायचं. त्याच्या भिंतीला डागडुजी लागता कामा नये. आणि तपासणी होईल त्या दिवशी त्यात वस्तीतलं एक कुटुंब राहत असलं पाहिजे. दोन्ही जमलं तर सगळी वस्ती वन्संच्या पद्धतीने. नाही तर सिमेंटची रांग.

मग काय विचारता. आमच्या परसातल्या भिंतीवर वन्संनी चौकोन लिंपले. एकात भुसा जास्त, एकात चुना, एकात चुना आणि विटांची भुकटी, एकात काय ते देव जाणे, वास मात्र भयंकर येत होता. माझ्या झाडांना पाणी घालायच्या झारीने त्या दिवसभर भिंतीवर पाऊस पाडत. शेजारीण कुंपणावरून विचारायची, तुमच्या नणंदबाई भिंतीला पाणी का घालतात, ती वाढणार आहे का? माझ्या बरण्यांतून मसाले काढून त्यांत माती भरली गेली. एकदा तर मी सकाळी दिवा लावायला गेले, तो देवाच्या कोनाड्यात दिव्याशेजारी मातीचं एक ढेकूळ. विचारलं, तर म्हणाल्या, हा चौकोन धुपला नाही गं, पावसाळाभर टिकला, म्हणून ठेवलं. तुझा देव बघेल तरी.

मला राग आला. पण खरं सांगायचं तर ढेकूळ मी लगेच उचललं नाही. इतकी वर्षं वन्संच्या तोंडून देवाचं नाव निघालं नव्हतं, ते मातीच्या ढेकळामुळे का होईना निघालं. दुसऱ्या दिवशी उचललं.

घर बांधून झालं. वन्संनी काही म्हणून सोडलं नव्हतं. दार बुटकं, कारण आत येणाऱ्याने वाकलं पाहिजे अशी त्या लोकांची रीत. चूल मधोमध. बाहेर बसायला मातीचा लांब ओटा, दाराचं तोंड उताराकडे. बांबूच्या कुडाच्या भिंती, आणि वर तो आमच्या परसातला चौकोन आता चहूबाजूंनी, गुळगुळीत, पाणी मारलं तर ओघळून जाईल, भिंतीला काही होणार नाही असा. ज्या कुटुंबाला ते द्यायचं होतं त्यातली म्हातारी वस्तीत सगळ्यांत मोठी. तिला सगळे थोरली म्हणत. मुलगा, सून, नातवंडं असं भरलेलं घर. थोरलीला विचारून विचारूनच वन्संनी सगळं बांधलं होतं.

थोरली आली, ओट्यावर बसली, आत जाऊन चूल बघितली, छान आहे म्हणाली, आणि परत ताडपत्रीखाली गेली.

वन्संना वाटलं, सामान आणायला गेली असेल. आठवडा गेला. मुलगा म्हणाला, दार जरा बुटकं आहे. वन्संनी दार वाढवलं. सून म्हणाली, आता फार उंच झालं. वन्संनी पुन्हा कमी केलं. मग चूल एक वीतभर सरकवून झाली, खिडकी बुजवून झाली, तीच खिडकी पुन्हा उघडून झाली. प्रत्येक वेळी वस्तीतले लोक हौसेने बघायला यायचे, छान आहे म्हणायचे, चहा प्यायचे आणि जायचे. वन्सं आमच्याकडे आल्या की ताटावर बसून हे सगळं सांगायच्या आणि भाताचं शीतदेखील तोंडात जायचं नाही. एखादा भांडला असता, तर त्यांनी भांडून घेतलं असतं. पण छान आहे म्हणणाऱ्याशी भांडायचं कसं?

तपासणीची तारीख ठरून आली, तेव्हा त्यांनी जी युक्ती काढली ती माझ्या जन्मात मी विसरणार नाही. म्हणाल्या, वहिनीबाई, तू चल माझ्याबरोबर. त्या घरात कुणी राहिलेलं नाही, म्हणून ते घर वाटत नाही. तू दोन दिवस स्वयंपाक कर, दिवा लाव, भांडी मांड. राहतं घर दिसलं की थोरली येईल.

म्हणजे दुकानाच्या काचेत कपडे घातलेली बाहुली उभी करतात, तशी मी. मी यांच्याकडे बघितलं. हे वर्तमानपत्रात शिरले. वर्तमानपत्रामागून आवाज आला की बदल म्हणून बरं वाटेल. मी यांचं दोन दिवसांचं जेवण झाकून ठेवलं नाही. तेवढा तरी राग कुठे तरी निघायला हवा होता.

गेले. बसमधून उतरून चढण चढून पाय सुजले. घर मात्र, आता खोटं कशाला बोलू, आत पाऊल टाकताच गार वाटलं. मी भांडी मांडली, चूल पेटवली, एका कोनाड्यात दिवा ठेवला आणि रोजची प्रार्थना म्हटली. हळूहळू बायका जमल्या. थोरली चुलीजवळ बसली. माझ्या पातेल्यात डोकावून पाहिलं आणि तिला ते फारसं पटलं नाही हे मला दिसलं. मग ती उठली, भिंतीशी गेली आणि नखाने भिंत ओरबाडून बघितली. ओरखडासुद्धा उठला नाही. तिने दुसऱ्या ठिकाणी ओरबाडलं. तिथेही नाही.

"हे कधी उतरणार?" तिने विचारलं.

वन्सं किती दिवस या प्रश्नाची वाट बघत होत्या. "तुमच्या नातवाच्या नातवापर्यंत उतरणार नाही," त्या म्हणाल्या.

बायका गप्प झाल्या. एकीने दुसरीकडे बघितलं. थोरली परत येऊन चुलीजवळ बसली आणि माझ्या लाकडांतलं एक लाकूड उगाच मागेपुढे करत राहिली. मी सासर केलेली बाई आहे. कुणाच्या घरात असं अचानक शांत झालं की कुठे तरी काही तरी दुखलंय हे कळायला शिक्षण लागत नाही. मी नुसतं विचारलं, की तुमच्याकडे भिंती कोण लिंपतं?

मुली, ती म्हणाली.

मग हळूहळू निघालं. पाऊस संपला की जुन्या घरांच्या भिंती धुपलेल्या असतात. मग लग्न होऊन गेलेल्या मुलींना निरोप जातो. त्या पोराबाळांसकट येतात, माती तुडवतात, लिंपतात, सुकेपर्यंत राहतात. थोरलीला तीन मुली. धाकटी नदीपलीकडे दिलेली, सासू कडक.

"आईसाठी तिला सोडत नाहीत," थोरली म्हणाली. "आजारी पडले तरी सोडलं नाही. पण भिंतीसाठी सोडतात. घराची भिंत पडली म्हटल्यावर कोण नाही म्हणणार?"

वन्सं दारातच उभ्या होत्या, वाकलेल्या, कारण दार बुटकं होतं. म्हणाल्या, मी तुम्हाला दहादा विचारलं होतं. भिंत दर वर्षी लिंपायचा त्रास होतो का म्हणून. तुम्हीच म्हणालात, कंबर मोडते.

"मोडतेच," थोरली म्हणाली. "मग?"

वन्संनी मोजपट्टी काढली आणि परत खिशात ठेवली. बायका माझ्यासाठी ठेवलेला चहा पिऊन निघून गेल्या. जाता जाता सून म्हणाली की घर छान आहे.

परतीच्या बसमध्ये वन्संनी माझं डोकं उठवलं. एवढं साधं होतं तर आधी बोलायला काय झालं होतं. मी म्हटलं, हौसेने कुणी काही बांधून दिलं, तर फार चांगलं झालंय हो, नको आम्हाला, असं तोंडावर सांगायचं कसं? आणि पोरीला माहेरी यायला निमित्त लागतं, हे परक्या माणसाला सांगण्यासारखं आहे का? म्हणाल्या, मी परकी नाही. मी म्हटलं, तुम्ही मापाच्या बाई आहात, तिथे तुम्हाला तेच म्हणतात. मग एकदम उसळल्या. सिमेंटवाले म्हणतात मातीची भिंत टिकत नाही, म्हणून मी टिकणारी केली. आता ती टिकते म्हणून या बायका येत नाहीत. भिंत चांगली झाली हा माझा गुन्हा का? बसमधले लोक बघायला लागले. मी खिडकीबाहेर बघत मनात जप सुरू केला. तो वन्संना ऐकू आला असावा, कारण त्या म्हणाल्या, तुझ्या देवाला म्हणावं त्यानेच येऊन लिंपावं.

त्यानंतर त्या आमच्याकडे आल्याच नाहीत. ना नळ, ना बिजागरी. चाळणी खुंटीवर जागच्या जागी. पहिले काही दिवस मला स्वर्गात असल्यासारखं वाटलं. मग पिठात कचकच नाही, परसात शिंतोडे नाहीत, आणि हे संध्याकाळी उगाच मागच्या दारी जाऊन उभे राहायला लागले. विचारलं, तर म्हणायचे, काही नाही, वारा चांगला येतो. तिथे वारा कधीच येत नाही.

शेवटी हेच म्हणाले, जाऊन बघून येऊ. तपासणी दोनच दिवसांवर होती.

आम्ही चढण चढून वर पोचलो, तो खडखड आवाज येत होता. वन्सं हातात छिन्नी हातोडी घेऊन स्वतःच्या भिंतीला टोचे मारत होत्या. ती गुळगुळीत, आमच्या परसात वर्ष घालवून बनवलेली भिंत, देवीचे व्रण उठावेत तशी खडबडीत करून टाकली होती. कपडे, केस, चष्मा, सगळं पांढरं. मला वाटलं, डोकं फिरलं. यांना तर दरदरून घाम फुटला. ताई, ताई करत पुढे धावले, तर त्यांनाच दम भरला: बाजूला हो, डोळ्यात जाईल.

मग समजलं. आतली भिंत कडक, तशीच राहणार. तिच्यावरून नुसत्या साध्या मातीचा एक थर द्यायचा, चुना बिना काही नाही, दर पावसात धुपून जाईल असा. पण गुळगुळीत भिंतीवर साधी माती धरत नाही. धरायची, तर ती आधी खरवडली पाहिजे. ते काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही. गवंडी आला होता, त्याला परत पाठवला. म्हणाल्या, मीच केली, मीच टोचते.

मी विचारलं, वन्सं, वाईट वाटत नाही का? म्हणाल्या, तुझं बोलणं संपलं असेल, तर ती बादली दे. बादली दिली.

थोरलीने मुलींना निरोप धाडला होता. नवं घर मिळालंय आणि भिंतीला मातीच नाही, असा. म्हातारी खोटं बोलली नव्हती. टोचे मारून झाल्यावर ती भिंत खरोखरच कुणी तरी लवकर येऊन काही तरी करावं अशी दिसत होती. मोठ्या दोघी मुली दुसऱ्या दिवशी दुपारीच आल्या. धाकटीचा पत्ता नव्हता. थोरली ओट्यावर बसून उताराकडे बघत होती आणि मधून मधून दोघींना टाकून बोलत होती, की माती पातळ झाली, पाय नीट पडत नाहीत, सासरी जाऊन सगळं विसरलात. दोघी हसत होत्या. त्यांना हे बोलणं ऐकायलाच यायचं असतं हे उघड दिसत होतं.

तपासणीचे साहेब तिसऱ्या दिवशी सकाळीच आले. घड्याळ बघणारा माणूस. येऊन बघतात, तर घराच्या चारही भिंती ओल्या, बायकांचे हात कोपरापर्यंत चिखलात, पोरं मातीत लोळताहेत आणि माझे यजमान, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्याच्या बादल्या वाहताहेत. साहेब म्हणाले, घर अजून अपूर्ण आहे. वन्सं म्हणाल्या, पूर्ण आहे. साहेब म्हणाले, भिंत ओली आहे. वन्सं म्हणाल्या, दर वर्षी या दिवसांत ती ओलीच असणार. साहेबांनी कपाळ चोळलं आणि अट काय होती ते वाचून दाखवलं, डागडुजी न लागणारी भिंत. वन्संनी त्यांना मागच्या बाजूला नेलं, जिथे अजून माती चढली नव्हती. किल्लीने ओरबाडून बघा म्हणाल्या. साहेबांनी बघितलं. किल्ली वाकली.

"ही तुमची भिंत," वन्सं म्हणाल्या. "तिला काही लागत नाही. वरची त्यांची आहे."

पण वरची धुपणार, साहेब म्हणाले. धुपणार, वन्सं म्हणाल्या. मग तो दोष झाला, साहेब म्हणाले. असं त्यांचं ते गोल गोल इतका वेळ चाललं की मी चहा करून आणला. साहेबांनी तो घेतला आणि बुटक्या दारातून आत जाताना कपाळ आपटून घेतलं. आत मात्र बराच वेळ राहिले. बाहेर उन्हाचा तडाखा होता आणि आत गारवा होता. घाम पुसत बाहेर आले तेव्हा आवाज जरा खाली आला होता.

तेवढ्यात उतारावरून डोक्यावर बोचकं आणि कडेवर मूल घेऊन एक बाई येताना दिसली. थोरली ओट्यावरून उठली. मुलगी जवळ आल्यावर पहिलं वाक्य हे, की किती उशीर, अर्धी भिंत झाली. मुलगी म्हणाली, सासू सोडत नव्हती, भिंतच उघडी पडली म्हटल्यावर सोडलं. आणि मूल आजीकडे देऊन सरळ मातीत उतरली. मी तोंड फिरवलं, कारण माझ्या डोळ्यांत धूळ गेली होती. हे तर उघड नाक ओढत होते.

साहेबांनी शेवटी लिहिलं ते वन्सं अजून विसरलेल्या नाहीत. घर मंजूर. खाली एक ओळ: बाह्य थर पावसात धुपतो, हा दोष रहिवाशांनी मान्य केला असून दुरुस्ती ते स्वतः करतील. थोरलीने त्याखाली अंगठा उमटवला. तिला विचारलं नसतं तरी तिने उमटवला असता. कागद बघून वन्संचा चेहरा असा झाला, की मला वाटलं छिन्नी पुन्हा हातात घेतात की काय. आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम आणि त्यावर सरकारी दोष. तो दोष आता त्या वस्तीतल्या प्रत्येक घराला आहे, कारण सगळी घरं तशीच बांधायची ठरली. थोरली त्याच संध्याकाळी सामान घेऊन आली. तीन मुली, नातवंडं, सगळी त्या एका घरात. दाटीवाटी इतकी की आम्हाला पाय ठेवायला जागा नव्हती, आणि कुणाचीही घर रिकामं करायची घाई दिसत नव्हती.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात आमच्याकडे गवंडी आला होता, गच्चीच्या कामाला. माल शिल्लक राहिला. तो म्हणाला, खिडकीवरची ती भेग भरून टाकू का, पाच मिनिटांचं काम आहे. हे हो म्हणणार एवढ्यात मी म्हटलं, नको, राहू दे. गवंड्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी घर पडायची वाट बघते आहे. बघू दे.

काल वन्सं आल्या. दारातच म्हणाल्या, तपासणीच्या साहेबांना पुन्हा एक पत्र लिहिलंय, दोष हा शब्द काढा म्हणून. चप्पल काढता काढता नजर स्वयंपाकघराकडे. चहा पुढे ठेवला, तर कप हातात घेऊन थेट खिडकीखाली जाऊन उभ्या.

"वाढली आहे का गं ही?" त्यांनी विचारलं.

"वाढली आहे," मी म्हटलं. "चांगली लांबली आहे."

भेग होती तेवढीच आहे. पण वन्संनी मोजपट्टी काढली नाही. मला लग्नाआधीपासून ओळखणारी बाई, खिशात मोजपट्टी असून मोजायची राहिली. स्टूल ओढलं, बाह्या वर केल्या आणि नेहमीसारखं विचारलं, चाळणी कुठाय.

मी आणून दिली. जुनी. नवी मी कोनाड्यात देवाच्या मागे ठेवली आहे, तिथपर्यंत त्यांचा हात जात नाही.